ओळख निघाली

मला कुणी आपणहून चहा पाजला तर मी आधी कप बघते, मग माणूस. त्यामुळे पाण्याच्या संशोधनाला अनुदान देण्यासाठी सरकारी खात्यानं प्रस्ताव मागवले, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, नवरी कधीच ठरलेली असणार, आपण नुसतं वऱ्हाडात जेवून यायचं. तरी अर्ज केला. करावाच लागला. बंगळुरातल्या ज्या संस्थेत मी टँकरच्या पाण्यातले जिवाणू तपासत होते, तिथं माझी नेमणूक कंत्राटी. अनुदान मिळालं तर काम पुढं चालू, नाही तर गाशा गुंडाळायचा.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हाही आनंदाआधी शंकाच आली. यादी भरलेली दिसायला चार चेहरे लागतात, त्यातला एक माझा.

त्या दिवशी मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी लॅपटॉप उघडत होते, तेवढ्यात सर्जापूर रोडवरच्या आमच्या घरून सासूबाईंचा फोन. टँकर आला नव्हता. हात अडकलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. शेजारी चहा पीत बसलेले एक पिकल्या केसांचे गृहस्थ एकदम वळले.

"मराठी काय ओ तुमी? आमी इथलेच, चामराजपेटातले. घरात मराठीच, पण स्वल्प मोडकं. तुमी कुठल्या?"

झालं. हा कोण, आणि याला माझं गाव कशाला हवंय? दुसरा उमेदवार असेल, माझा विषय काढून घ्यायला बसला असेल. मी "मिरजेकडच्या" एवढंच म्हटलं आणि लॅपटॉपचा पडदा पलीकडं वळवला.

"मिरजेला आमची धाकटी बहीण दिलीय की."

हे फोनमधून ऐकू गेलं आणि सासूबाई टँकर विसरल्या. कुणाच्या घरी, घर कुठं, दीर किती. मी फोन बंद करायला धडपडतेय तोवर त्या गृहस्थांची बहीण ही सासूबाईंची चुलत जाऊ निघालीसुद्धा.

"अहो, म्हणजे तुम्ही आमचे सोयरेच की! आमच्या सुनेकडं जरा लक्ष असू द्या हं."

गृहस्थ हसले. कप खाली ठेवला. "सरी, अक्का. बरं झालं कळलं," असं मान डोलावत फोनला सांगून आत निघून गेले.

माझी पाळी आली. आत समितीच्या टेबलाशी तेच बसलेले. समोरच्या पाट्यांवरून कळलं की जिवाणूंचं कळणारे तेवढे एकटेच. खरं सांगते, मला उकळ्या फुटल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळखींच्या नावानं बोटं मोडली, आणि आज ओळख आयती माझ्या ताटात पडली होती. लाज वगैरे काही वाटली नाही. बरं वाटलं.

अध्यक्षबाईंनी नेहमीचं विचारलं, उमेदवार कुणाच्या नात्यातले आहेत का. ते उठले.

"ह्या आमच्या सोयऱ्यांपैकी. आत्ताच कळलं. मी बाहेर बसतो."

आणि गेले. माझ्याकडं पाहिलंही नाही.

उरलेल्यांत एक धरणांचे जाणकार, एक खडकांच्या. धरणवाल्यांनी विचारलं, लोकांनी पाणी उकळून प्यायलं तर हे संशोधन लागेल का? मी उत्तरं दिली, घसा कोरडा होईस्तोवर दिली. पण ज्या आलेखावर माझी सगळी भिस्त होती तो कुणी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

नकार आला. कारण एका ओळीत: विषयाची निकड पटली नाही. ते उठून गेले तो प्रामाणिकपणा होता की गळ्यात पडणारी ब्याद टाळली, हे मी अजूनही छातीठोक सांगणार नाही. प्रामाणिकपणा असेल तर जास्तच राग येतो. मग भांडायचं कुणाशी?

प्रयोगशाळेतलं सामान खोक्यांत भरून घरी आणलं, तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना काही केल्या उलगडत नव्हतं.

"अगं, पण आत आपला माणूस होता ना?"

"होता. आपला आहे हे कळेपर्यंत होता."