पडू द्या मशीन

हर्षदा फराटे मूळची मांडवगणची, लग्न होऊन दौंडला आली. नवरा रेल्वेत, त्यामुळं राहणं रेल्वे कॉलनीत. तो ड्युटीवर गेला की ती आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसते. शेजारपाजारच्यांना ती 'ऑनलाइन कामं' करते एवढंच ठाऊक. कुणी पॅनकार्ड काढून मागतं, कुणी गॅसचं केवायसी. तीही करून देते.

तिचं खरं काम वेगळं. पुण्यातल्या एका कंपनीच्या मोठ्या सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात. प्रत्येक मशीन स्वतःला स्वतंत्र कॉम्प्युटर समजतं, पण त्याची डिस्क खरी नसते. सर्व्हर ती पुरवतो. त्या डिस्ककडून माहिती मागवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. तो कर्नलमध्ये, म्हणजे मशीनच्या गाभ्यातच बसलेला असतो. म्हणून तो चुकला की सगळं मशीनच कोसळतं. हे कोसळणं थांबवायचं काम हर्षदाकडं होतं.

शिरूरची एक पॅथॉलॉजी लॅब कंपनीची ग्राहक; तिचे रिपोर्ट यातल्याच एका मशीनवरून निघायचे. तिथली तहमीना शेख दर आठवड्याला फोन करायची.

"ताई, बसलं बघा तुमचं मशीन. हितं पेशंट ताटकळल्यात."

हर्षदानं कारण शोधलं. सर्व्हरवर ताण आला की डिस्कचं उत्तर उशिरा यायचं आणि ड्रायव्हर गोंधळून मशीन पाडायचा. तिनं दुरुस्ती केली. उत्तर वेळेत आलं नाही तर ती मागणी सोडून द्यायची, तिच्यासाठी राखलेली मेमरी मोकळी करायची आणि पुन्हा मागायचं. क्रॅश बंद झाले. मीटिंगमध्ये तिचे वरिष्ठ सत्यजीत सर यांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. त्या दिवशी घरी श्रीखंड आलं.

पुढं महिन्याभरातच तहमीनाचा फोन आला. या वेळी आवाज चढलेला नव्हता.

"ताई, मारुतआबांचा रिपोर्ट छापला. वर नाव त्यांचं, शुगर त्यांची. आन् खाली गरोदर बाईची तपासणी. आबा हसाया लागले. मला न्हाई आलं हसू."

हर्षदानं एसटी धरली आणि शिरूर गाठलं. रिपोर्ट हातात घेतला. ते खालचं अर्धं पान कुठून आलं, हे तिला उभ्या उभ्या कळलं. तिनं मागणी सोडली होती, सर्व्हरनं सोडली नव्हती. उशिरा का होईना, त्यानं ती माहिती जुन्या जागी आणून टाकली. तोवर त्या जागेत आबांचा रिपोर्ट उतरला होता. भाडेकरू बदलल्यावर खोलीत जुन्याचं सामान येऊन पडावं, तसं.

"चूक माझी हाय," ती तहमीनाला म्हणाली. "आत्ताच जुना ड्रायव्हर परत टाकते."

"म्हंजी पुन्हा मशीन बसणार? पुन्हा रांग?"

"व्हय. पण छापलेलं खरं आसंल."

"आन् असं किती दिवस?"

"सांगता येत न्हाई."

ड्रायव्हर बदलून झाल्यावर दोघींनी महिन्याभरातले सगळे रिपोर्ट पुन्हा तपासायला घेतले. एका बाईचे आकडे जुळेनात. तहमीनानं तिला फोन करून परत रक्त द्यायला बोलावलं. त्या बाईनं काय काय ऐकवलं, ते हर्षदानं शेजारी बसून ऐकलं.

मग तिनं सत्यजीत सरांना फोन लावला. सगळ्याच ग्राहकांकडं टाकलेली ही दुरुस्ती मागं घ्यायची, असं सांगितलं.

"अगं, एका लॅबसाठी सगळीकडं पुन्हा क्रॅश? लोक सोडून जातील."

"सर, इथलं आपल्याला दिसलं. बाकीच्यांकडं काय बिघडलंय ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. नीट दुरुस्ती होईतोवर पडू द्या मशीन."

सर नाराज झाले, पण तयार झाले. एक ग्राहक खरंच गेला. त्या दिवसांत हर्षदाचं जेवणात लक्ष नसे. नवरा विचारायचा, ती 'काही नाही' म्हणायची.

नवी दुरुस्ती तिनं सावकाश केली. आधी डिस्क रीसेट करायची, म्हणजे तिची अर्धवट राहिलेली सगळी कामं थांबवायची; आतली माहिती तशीच राहते. सर्व्हरनं आता काहीही लिहिणार नाही अशी खात्री दिली, तरच मेमरी मोकळी करायची. मग डिस्क पुन्हा जोडून अडकलेल्या मागण्या नव्यानं पाठवायच्या. आणि सर्व्हरनं रीसेटलाही दाद दिली नाही, तर मशीन सरळ पाडायचं. कर्नल कुणा एका कंपनीचा नाही, सगळ्यांसाठी खुला; म्हणून हे काम तिनं तो सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींकडं तपासायला पाठवलं. त्यांनी दोनदा परत केलं. मशीन बंद होतानाच डिस्क अडकली तर काय, असं एकानं विचारलं, आणि त्याचं बरोबर होतं. तिनं पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा ते स्वीकारलं गेलं.

आता लॅबचा स्क्रीन कधीतरी क्षणभर अडखळतो आणि पुढं चालतो. मध्यंतरी एकदा मशीन साफ कोसळलंही. सर्व्हरच बिघडला होता. तहमीनानं नेहमीसारखा फोन केला.

"ताई, पडलं बघा आज."

"त्याआधीचे रिपोर्ट बघितले?"

"बघितले. बरोबर हायत सगळे."

"मंग थांबा थोडं," हर्षदा म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.