मिथेनशिवाय आलेलं मिथेनॉल

मॅडमच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, तेव्हा आमच्या आलेखावर मिथेनॉल दिसलं.

पीएचडीची त्यांची शेवटची विद्यार्थिनी मी. काम सांगायला सोपं होतं: मिथेन वायू जाळून न टाकता त्याचं द्रवरूप मिथेनॉल करायचं. तांब्याचे कण बसवलेली भुकटी नळीत भरून तापवायची. आधी ऑक्सिजन सोडायचा, मग मिथेन, शेवटी वाफ. खाली जमलेले थेंब यंत्रात तपासायचे. पण मिथेन बदलायचाच नाही. आच वाढवली की थेट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जायचा. आम्हाला हवं होतं तिथे, मिथेनॉलपाशी, मध्ये कधी थांबला नाही.

त्या दिवशी मिथेनॉल दिसायला हवं तिथेच आलेख उंच उठला. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग मला स्कूटीवर मागे बसवून महाल भागात तर्री-पोहे खायला घेऊन गेल्या. तिखटानं नाक गळत होतं आणि आम्ही दोघी हसत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "एकदा मिथेन बंद ठेवून चालव गं. बाकी सगळं तसंच."

"काहून मॅडम?"

"दुसऱ्या कोणी विचारायच्या आधी आपणच बघून घेऊ."

मिथेन न सोडताही आलेख उठला, तेवढाच उंच. नळ्या आम्ही मिथेनॉलनंच धूत होतो; या दोन्ही वेळी त्या पुरत्या वाळल्या नव्हत्या. आत राहिलेलं वाफेनं बाहेर काढलं होतं. नवी नळी लावली, मिथेन सोडला. सपाट रेघ आली.

त्यानंतरही आम्ही भुकट्या बदलत राहिलो, पण मॅडमनी यंत्रापाशी येणं सोडलं.

त्या निवृत्त झाल्या आणि आमच्या प्रयोगशाळेत बॅटरीवर काम करणारे आले. आमची नळी तापवायची भट्टी व्हरांड्यात गेली. रामटेकहून माझे बाबा आले होते. म्हणाले, "तुया ग्यासचं झालं का वं काही?"

"नाही, बाबा."

"मंग आता काय करशीन?"



कसाबसा प्रबंध दिला. आता शहराबाहेर बेसाला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवते. मधूनमधून मॅडमचा फोन येतो.

"कोणाला जमून राहिलं का गं?"

"थेंबभर, मॅडम. कारखाना चालेल असं कोणालाच नाही."

"बरं," म्हणतात, आणि गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल बोलू लागतात.