घरची अंडी, बाहेरचा भाव

सुगंधाला ऑफिसात कोणी पगार विचारला असता, तर तिनं सांगून टाकला असता. वय तर ती न विचारताच सांगायची. पण तिथल्याच गंधालीनं तिनं आणलेला स्टीलचा डबा उघडला, आतली सहा अंडी बघितली आणि "कितीला गं?" एवढंच विचारलं, तर सुगंधाची वाचाच बसली.

"अगं, घरचीच आहेत."

"ते कळलं. कितीला?"

"घे गं. खाऊन तर बघ."

झालं. अंडी गेली.

खरं तर ती सकाळी "वीस रुपये, वीस रुपये" असं घोकतच घरातून निघाली होती. बोरीवलीत, नॅशनल पार्कच्या भिंतीला टेकलेली त्यांची बैठी चाळ. मागच्या दारी हातभर मोकळी जागा. सासरे गेल्यावर सासूबाई मालवणचं घर बंद करून इकडे आल्या आणि वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. मग शेजारचं बिऱ्हाड चाळ सोडून गेलं आणि जाताना आपल्या कोंबड्या सासूबाईंच्या गळ्यात मारून गेलं. तेव्हापासून सासूबाई बोलायला लागल्या. आधी कोंबड्यांशी, मग माणसांशी.

फक्त दाण्याची गोणी यायची ती सुगंधाच्या नवऱ्याच्या, हर्षदच्या पगारातून. एक दिवस तो वैतागला. "स्वतःचा दाणा स्वतः कमवतील तर राहतील. नाहीतर गणपती गेले की रस्सा."

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. पुढ्यातलं ताट तसंच ठेवून मागच्या दारी जाऊन बसल्या, कोंबड्यांच्या जाळीला पाठ लावून. त्या पाठीकडे बघून सुगंधानं ठरवलं, अंडी विकायचीच.

तिचं ऑफिस म्हणजे एका चार्टर्ड अकाउंटंटची कचेरी. दिवसभर लोकांचे नफेतोटे मोजणारी माणसं. एका अंड्याचा भाव काढणं त्यांना काय जड? दुसऱ्या दिवशी गंधालीचा डबा परत आला तो नारळाच्या वड्यांनी भरून. "रिकामा कसा देऊ?" म्हणाली. मग सुगंधानं जेवणाच्या सुट्टीत प्रश्न सगळ्यांसमोर टाकला.

"दुकानात आठला मिळतं," ऑफिसातले सर्वांत जुने मधुकर सर म्हणाले. "ओळखीत सातला लाव."

"ते अंडं आहे का सर?" दर्शना उसळली. "ऑनलाइन गावठी पंचवीसला जातंय. सुगंधा, तू तीस लाव. स्वस्त दिलंस ना, लोक म्हणतील काहीतरी लोचा आहे."

"आणि महाग दिलं तर?"

"म्हणतील, माल चांगला आहे."

"म्हणतील, बाई माजली आहे," मधुकर सर भात कालवत म्हणाले.

धवल तेवढ्यात खुर्ची सरकवून जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सुगंधाबेन, भाव काहीही लावा. फक्त माझी अंडी काळ्या पिशवीत. आणि ग्रुपवर माझं नाव नको, मम्मी वाचते."

"ऑफिसच्या ग्रुपवर तुझी मम्मी?"

"माझा फोन मम्मीच बघते ना."

सुगंधाचं डोकं गरगरायला लागलं. त्या गरगरण्यात तिनं सगळ्यांनाच अंडी वाटली. डबे परत आले: थालीपीठ, चिवडा, पुन्हा वडी. इकडे गोणीचा तळ दिसायला लागला. हर्षद वडी खात म्हणाला, "झकास आहे. कोंबड्यांना घातलीस का?"

सोमवारी तिनं डोळे मिटून ग्रुपवर टाकलं: गावठी अंडी, वीस रुपयाला एक.

गंधाली थेट टेबलाशी आली. "वीस?"

"तुला नाही गं."

"मग कुणाला?"

"म्हणजे तुलाही. पण तसं नाही."

"मागच्या डब्यांचे पण द्यायचेत का?"

"छे!"

"मग माझ्या वड्यांचे तू किती देणार, ते पण टाक ग्रुपवर," गंधाली म्हणाली आणि हसली. हसलीच असावी. सुगंधा घरी पोचेपर्यंत ते हसू आठवून आठवून तपासत होती.

मंगळवारी डबा आला. घासलेला, पुसलेला, कोरडा. आत घडी घातलेल्या नोटा. मागच्या सगळ्या डब्यांसकट.

घरी सासूबाईंनी सवयीनं झाकण उघडलं. "रिकामो इलो?"

"पैसे आहेत ना आई आत."

"पैशे कोण खातला? काय गो केलंस तू?"

सुगंधानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हातारीनं नोटा सुनेच्या हातावर ठेवल्या, मागच्या दारी गेली, ताजी अंडी आणून त्याच डब्यात मांडायला लागली.

"ह्यो उद्या दी तिका."

"आणि दाणा? हर्षद काय म्हणालाय, विसरलात?"

सासूबाईंचा हात थांबला. एक अंडं तळहातावर तसंच राहिलं. मग त्या म्हणाल्या, "डबो भरान येऊक व्हयो ना? मग वडी कित्याक? माका दात नाय. दाणो घाल म्हणान सांग."

बुधवारी सुगंधानं गंधालीसमोर डबा ठेवला आणि वर नोटा.

"हे काय आता?"

"भाव बदलला."

"परत? किती?"

"डबा रिकामा द्यायचा नाही. पण वडी नको. दाणा. बाजरी, कणी, असेल ते."

गंधाली डब्याकडे बघत राहिली, मग तिच्याकडे. "माझ्याकडे किडे झालेले गहू आहेत. फेकणार होते."

"किड्यांसकट दे. त्यांना तेच आवडतात."

"येडीच आहेस तू," गंधाली म्हणाली, आणि या वेळी ती हसली यात शंका नव्हती. "आधी सांगायला काय झालं होतं? किती अंड्यांना किती दाणा?"

"ते मलाही माहीत नाही गं."

गणपतींच्या आधीच गोणी तोंडापर्यंत आली. मधुकर सरांनी बासमतीची कणी दिली, वर ती बासमतीची आहे हे दोनदा सांगितलं. दर्शनाची सेंद्रिय नाचणी. धवलकडून काळ्या पिशवीत खाखऱ्याचा चुरा.

हर्षदनं गोणीत हात घातला. "विकत आणलंस?"

"नाही."

"म्हणजे त्यांनीच कमवलं?"

"बहुतेक."

"मग अंडं पडलं कितीला?"

सुगंधानं बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. गहू, नाचणी, खाखरा... कशाला कशानं भागायचं? मागच्या दारातून सासूबाईंचा आवाज चढला होता: "मेल्यांनू, खाखरो नको? बासमती व्हयी तुमका?"

हर्षद दारात जाऊन उभा राहिला. म्हातारी चुरा हातानं कुस्करत होती आणि कोंबड्या तिच्या लुगड्यावर चढत होत्या.

"आई, गणपती गेले की..." तो म्हणाला.

सासूबाईंचा हात थांबला.

"...चिकन मी बाजारातून आणतो."