सातशे दहा टिपर

गाडी कुठलीही असो, बसण्याआधी तो तिच्या टायरला लाथ मारायचा. माझ्या स्कूटरलासुद्धा. पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, चहात बुडवून खायचा आणि शेवटचा तुकडा कावळ्यासाठी कुंपणावर ठेवायचा. रस्त्यात वाळूचा किंवा खडीचा ढीग दिसला की बोलणं मध्येच थांबवायचा. "बारा टिपर भरतील," म्हणायचा. मग पुढचं बोलायचा.

बाबलीदादा आमचा गोव्यातल्या साखळी गावचा शेजारी. वडील दोडामार्गहून खाणीवर आलेले. याने सुर्ल्याला वर्षानुवर्षं खनिजाचा टिपर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर टिपर विकला. काम परत सुरू झालं तेव्हा तो गेटावर जाऊन आला. सुपरवायझर निलेशने सांगितलं, "ड्रायव्हर भरपूर आहेत. ढीग मोजायला ड्रोनवाला हवाय. परवाना आण, तुला आत घेतो."

परवान्याला दहावी पास लागते. बाबलीदादा गणितात राहिलेला. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याने तो पेपर दिला आणि सुटला. मग ड्रोनचे नियम आले. मी मराठी घेऊन एम. ए. केलेलं, घरीच होते. ते वाचून समजवायचं काम माझ्याकडे आलं.

"मोपा विमानतळाजवळ परवानगीशिवाय उडवायचा नाही," मी वाचलं.

"बरा झाला गो सायली. सासरवाडी थंयच. माझा जाणा चुकला."

"ड्रोनाक बंदी आसा, तुमच्या पायांक नाय," मंजुळावहिनी आतून म्हणाल्या.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी तो खिशात कुंकवाची पुडी घेऊन गेला. नवी गाडी हातात घेताना टिळा लावायचा, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शिकवणारे सर आले तेव्हा ड्रोनच्या तोंडावर ठसठशीत लाल बोट होतं.

"बाबली, हा कॅमेरा!"

"माका कपाळ वाटला, सर."

काच पुसण्यात अर्धा तास गेला. बरोबरची पोरं त्याला नंतर 'भटजी' म्हणू लागली. पण ड्रोन आपल्याकडे तोंड करून येतो तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. तिथे पोरांचे हात अडकायचे, त्याचे नाही. सगळा जन्म आरशात बघून टिपर मागे घेण्यात गेला होता. परीक्षेत तो पहिल्याच फेरीत पास झाला.

गुरुवारी परवाना आला. शुक्रवारी तो मला सुर्ल्याला घेऊन गेला. निलेशने ढीग दाखवला. सोमवारी मोजायचा होता. बाबलीदादा ढिगाकडे बघत राहिला.

"सातशे दहा."

"सोमवारी मशीन काय सांगतं ते बघू," निलेश हसला. "फार चुकलास तर चहा तुझ्याकडून."

"आणि मशीन चुकला तर?"

माझी वही घेऊन त्याने स्वतःच्या हाताने आकडा लिहिला. म्हणाला, "बाजूक जागा सोड. सोमवारी थंय मशीनचो आकडो घालूया."

रविवारी सकाळी त्याने खाणीवरून आणलेल्या ड्रोनच्या बॅटऱ्या घरी चार्जिंगला लावल्या आणि चहाला बसला. छातीत दुखतंय म्हणाला. डिचोलीच्या इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. परत आलो तेव्हा बॅटऱ्यांचे दिवे हिरवे झाले होते. मी त्या काढून ठेवायला गेले आणि तिथेच उभी राहिले.

वही माझ्याकडे आहे. डाव्या बाजूला ७१०. उजवी बाजू कोरी.