आडवा शब्द, घरं पाच

“ह्याला ॲफेझिया म्हणतात,” डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या भावाला, वसंताला सांगत होत्या. मी समोरच खाटेवर पडून सगळं ऐकत होते.

ॲफेझिया म्हणजे शब्द हरवणं. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. तिला त्या थ्रॉम्बोसिस म्हणाल्या. त्यामुळे माझा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती.

“त्यांना सगळं कळतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फक्त बोलायला शब्द सापडत नाही.”

“सापडेल ना पण?”

“काहींना सापडतो. काहींना नाही. पहिले दोन-तीन महिने बघायचं.”

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते आणि नगरला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. आदल्याच दिवशी फळ्यावर कविता लिहिताना हातातला खडू पडला. उचलायला वाकले, तर हात कुठं आहे तेच कळेना. मुलींना ‘बसा’ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “पाट, पाट.” मुली खुदकन हसल्या. मग पहिल्या बाकावरची एक रडायला लागली, तेव्हा मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय.

बायकांच्या वॉर्डात आठ खाटा होत्या. रोज सकाळी ब्लड प्रेशर, म्हणजे रक्ताचा दाब, मोजत. मग डॉक्टरीणबाई पेन दाखवून विचारत, “हे काय?” मग किल्ली, मग घड्याळ. मला प्रत्येक वस्तू ठाऊक होती. ती कशाला लागते, कुठं ठेवतात, सगळं. आणि मी म्हणायची, “पाट.”

हे ज्यांच्यावर ओढवलं नाही त्यांना सांगून समजणार नाही. शब्द अगदी दाराशी उभा दिसतो, पण आत येत नाही.

शेजारच्या खाटेवर नेवाशाकडच्या कोंडाबाई होत्या. ज्वारी राखताना मचाणावरून पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला ट्रॅक्शन लावलेलं, म्हणजे वजन टांगून हाड ताणून धरलेलं. हलता येत नसे, म्हणून त्या दिवसभर बोलत. माझ्याशीच बोलत, आणि उत्तराची वाट न बघता पुढं जात. त्याचं मला फार बरं वाटे.

आजारपणाआधी वसंता आणि मी रोज पेपरातलं शब्दकोडं मिळून सोडवत असू. लढाईचे दिवस, कागदाची टंचाई, पेपर चारच पानांचा. पण कोपऱ्यातलं कोडं मात्र टिकून होतं. इस्पितळात पहिल्या आठवड्यात त्याने एकदा कोडं वाचून दाखवलं आणि मी ओक्साबोक्शी रडले. तेव्हापासून तो पेपर बाहेरच ठेवून येई.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तो घाईघाईने आत आला तो हातात पेपर घेऊनच. “अक्का, रागावू नकोस, पण आजचं बघच. सगळं कोडं लहानपणच्या खेळांचं आहे.”

मी मान फिरवली. तरी त्याने वाचायला सुरुवात केली. “उभा शब्द, तीन घरं. वाऱ्यावर चढतो, दोऱ्याने बांधलेला.”

“पतंग की!” कोंडाबाई पलीकडून म्हणाल्या. “काय वो दादा, उखाना घालताय व्हय?”

वसंता हसला. त्याने त्यांना चौकोन दाखवले, एका घरात एकच अक्षर बसतं ते समजावलं. कोंडाबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी लगोरी सांगितली, विटीदांडू सांगितला, फुगडी तर पुरतं वाचून व्हायच्या आत सांगितली. पलीकडच्या खाटांवरच्या बायकाही उठून बसल्या. मीही नकळत वळले. माझी नजर चौकोनांवर धावू लागली. किती दिवसांनी धावत होती!

“आता आडवा, पाच घरं. पतंगातला ‘ग’ दुसऱ्या घरात. वर उडवायचे, खाली पडायच्या आत टिपायचे.”

“गजगं,” कोंडाबाई म्हणाल्या.

मी मान हलवली.

“न्हाई कसं? गजगंच! आमी रानात बसून खेळायचो.”

मी डाव्या हाताची पाच बोटं दाखवली. पाच घरं, बाई, पाच! खेळ तोच, पण गजग्यांची तीनच होतात.

“आवो मास्तरीनबाई, आमच्यात गजगंच म्हनत्यात. लई वर्सं म्हनत्यात.”

माझ्यातली मास्तरीण खवळली. चुकीचं उत्तर चौकोनांत जाणार, वसंता पेन्सिल टेकवणार, आणि मी गप्प बसू?

“सा,” मी म्हणाले.

वसंताचा हात थांबला.

“सा... गर... गोटे!”

कोंडाबाई अशा ओरडल्या की पायाचं वजन हिंदकळलं. “बोलल्या! बाई बोलल्या! आवो नर्सबाई, पळा!” वसंता एकदम हसत आणि रडत होता. मी तो शब्द पुन्हा म्हणाले, पुन्हा म्हणाले, नर्स आली तिला म्हणून दाखवला, पाणी प्यायले आणि परत म्हणाले. दुसरं काही येत नव्हतं आणि मला त्याची फिकीर नव्हती.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. “एक आला म्हणजे वाट आहे,” त्या म्हणाल्या. “घाई करू नका.”

वाट लांब निघाली. ‘पेन’ म्हणायला आणखी आठ दिवस लागले. ‘वसंता’ म्हणायला त्याहून जास्त. कोंडाबाई कुबड्यांवर घरी गेल्या तेव्हा मी त्यांना “या हं” म्हणू शकले. त्यांचा आणि डॉक्टरीणबाईंचा उपकार माझ्याने फिटायचा नाही.

तुमच्या घरी कुणाला असं झालं असेल तर एवढंच करा. त्याच्या तोंडातला शब्द तुम्ही पुरा करू नका. आणि त्याला बिचारा समजून गप्पही बसू नका. त्याच्याशी खुशाल वाद घाला.

सात महिन्यांनी मी शाळेत परतले. पूर्वी मुलगी उत्तराला अडखळली की मी टेबलावर पट्टी आपटून म्हणायची, “लवकर!” परवा एक मुलगी उभी राहून नुसतीच ओठ हलवत होती. मागच्या बाकावरून कुणी कुजबुजून सांगायला लागलं, त्याला मी हाताने थांबवलं. मुलीचं तोंड लाल झालं होतं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले.

मला काही घाई नव्हती.