मामांचं दोन पोटांचं जहाज

आश्चर्याचा धक्का बसण्याची माणसाच्या अंगात एक मर्यादा असते, पुढेपुढे माणसाला त्याची सवय होते, अशी माझी समजूत होती. बायकोच्या मामांनी ती पंचवीस वर्षांत एकदाही टिकू दिली नाही. सोनपेठला त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या विहिरींवरच्या आणि गोदावरीच्या काठावरच्या बहुतेक मोटरी कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. माणसंही ते हॉर्सपॉवरमध्येच मोजतात. लग्नात मी बोहल्यावर उभा राहिलो तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि शेजारच्याला मोठ्यानं सांगितलं, "अर्ध्या एचपीचा हाय, पण आवाज करत न्हाई. चालंल." मंगलाष्टकं चालू असताना लाउडस्पीकर घरघरतोय म्हणून ह्याच गृहस्थांनी तो खोलला, आणि शेवटची दोन मंगलाष्टकं भटजींना घसा फोडून म्हणावी लागली. आमच्याकडे परभणीला आले की चहा यायच्या आत फ्रिजची पाठ उघडी पडलेली असते. "ह्याचं अर्थिंग लय कमजोर हाय," हे ते अशा गंभीर सुरात सांगतात की बायको पदर तोंडाला लावते.

तरीही जहाजाची कल्पना मी स्वप्नातसुद्धा केली नव्हती. कुठल्याशा धरणावरचं नौकाविहार केंद्र बंद पडलं आणि तिथली दोन पोटांची, म्हणजे दोन होड्या शेजारी जोडल्यासारखी मोठी नाव, मामांच्या शब्दांत 'कॅटमरान', मामांनी भंगारातून उचलली. ती सोनपेठला आली उसाच्या ट्रॉलीवरून आणि नेमकी आठवडी बाजाराच्या दिवशी. ट्रॅक्टरमागून एवढी थोरली नाव येताना पाहून बाजारात एकच हलकल्लोळ. नदीला पूर येणार म्हणून सरकारनं धाडली, असा अर्थ लोकांनी आपापला लावला. भाजीवाल्या बायकांनी पाट्या आवरल्या, आणि कडक उन्हात काठावरच्या दोन घरांनी ज्वारीची पोती माळ्यावर चढवली. मामी दारात उभ्या होत्या. "मी वर्सभर म्हनायले घरचा नळ नीट करा," त्या मला म्हणाल्या, "तर ह्यांनी जहाज आनलं!"

जहाजाचं कारण मात्र गमतीचं नव्हतं. गोदावरीवरच्या बंधाऱ्याच्या पाण्यात शेतकरी मोटरी सोडतात. दोर तुटतो, मोटर तळाला जाते. मग ती काढायला मामांना बोलावणं येतं. मामा काठावर उभे राहत आणि पाण्यात जात ते त्यांच्या हाताखालचे किसनराव. छाती भरून श्वास घ्यायचा, तळ गाठायचा, चाचपडत मोटरीला दोर बांधायचा. वीस वर्षं हे केल्यावर किसनरावांचे कान गेले. आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच थोडं ऐकू येतं. डॉक्टरांनी हे पाण्याच्या दाबानं झालं म्हणून सांगितलं, त्या दिवशी मामांनी दुकान उघडलं नाही. "ह्याच्यापुढं दम धरून कुनीबी खाली जानार न्हाई," ते म्हणाले. "हवा पुरवायची. अन् पहिल्यांदा मी जानार."

सहा महिने नावेचं काम चाललं. जुन्या वायरी उपटून काढल्या, छतावर सोलर बसवलं, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आणल्या. बावीस बटणांचा बोर्ड केला, त्यावर कुठलं बटण कशाचं हे मात्र कुठंही लिहिलं नाही, कारण मामांना पाठ होतं. तोंडावरचा मुखवटा आणि लांब नळी पुण्याहून आली. हवेचा पंप तेलाचा चालत नाही, फुप्फुसात धूर जातो, हे कळल्यावर मामांनी दातांच्या एका डॉक्टरचा जुना पंप मिळवला. त्या हवेला लवंगेचा वास येई. बॅटऱ्या सगळ्या त्या पंपाला, कारण तिथं जिवाचा प्रश्न. नाव चालवणारी मोटर थेट उन्हावर. आणि सवयीनं तिला मामांनी 'ऑटो' लावला. आमच्याकडे शेतातली वीज कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून जो तो ऑटो लावतो. वीज आली की मालक घरी घोरत असला तरी मोटर आपली आपण चालू होते.

पहिल्या फेरीला नावेवर आम्ही तिघं, मामा, किसनराव आणि मी. मधल्या पाण्यात आलो आणि ढग आला, तशी मोटर थांबली. "आपोआपच थांबली, बरं झालं. हितंच उतरतो," मामा म्हणाले, मुखवटा चढवून शिडीवरून पाण्यात गेले. थांबलेल्या मोटरीचं बटण बंद करायचं कुणाला सुचणार? मामांच्या कमरेला बांधलेला दोर किसनरावांच्या हातात, नळीवर नजर माझी. बुडबुडे छान येत होते.

मग ढग सरला.

नाव अशी उसळून निघाली की मी पाटावर आदळलो. मामा खाली, नाव वर, आणि मधली नळी तारेसारखी ताणलेली! मी बोर्डाकडे झेपावलो. एक बटण दाबलं, भोंगा वाजला. दुसरं दाबलं, दिवे लागले. तिसरं दाबलं आणि हवेचा पंप बंद पडला. माझ्या हातानं! ते लगेच परत चालू केलं. किसनरावांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. पण हातातला दोर कसा ओढला जातोय ते त्यांना माझ्याआधी कळलं. साठीचा तो माणूस अंगातल्या सदऱ्यासकट पाण्यात गेला. मी दिसेल ते बटण दाबत सुटलो, शेवटी मोटर गप्प झाली, आणि नावेमागं दोन डोकी वर आली. मामांच्या तोंडावर मुखवटा नव्हता.

आम्ही काठाला लागलो. मामा खोकत होते. भीती ओसरल्यावर मला राग आला. "नळी सुटली तेव्हा पोहत वर का नाही आलात?" मी ओरडलो.

"पोहता कुठं येतंय मला?" मामा म्हणाले.

मामांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते किसनरावांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "किसन्या, खाली कायबी दिसत न्हाई रं! निस्ता काळोख! हाताला हात दिसत न्हाई! कानात सळई घातल्यावानी दुखतंय! वीस वर्सं गेलास, एकदा तरी सांगायचं हुतंस!"

किसनराव सदरा पिळत होते. आवाजात तक्रार नव्हती, राग नव्हता.

"तुमी कवा इचारलं, मिस्त्री?"

मामांनी नावेत काढून ठेवलेलं कोरडं उपरणं घेतलं आणि त्याच्या टोकानं ते किसनरावांचे कान पुसायला लागले. आधी एक, मग दुसरा. किसनरावांनी मुकाट्यानं मान तिरकी करून दिली. मला ते बघवेना. त्या कानांत पाणी राहिलं काय आणि न राहिलं काय, आता काही फरक पडणार नव्हता. तरी मामा कितीतरी वेळ पुसतच राहिले.