कंपनीचाच रंग

नव्या गाड्यांच्या शोरूमला एक पुढची बाजू असते आणि एक मागची. पुढे काचा, थंडगार हवा, चकचकीत फरशी आणि गिऱ्हाईक आत आलं रे आलं की पाण्याचा ग्लास घेऊन धावणाऱ्या मुली. मागे पत्र्याची शेड, कॉम्प्रेसरची घरघर आणि फुंकर. फुंकर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण शोरूममध्ये दुसऱ्या नावानं त्याला कुणी हाक मारत नसे. काम सुरू करायच्या आधी तो वाकून पत्र्यावर तोंडाची वाफ सोडायचा. वाफ धरली की बारीकसारीक ओरखडे उठून दिसतात आणि ती उडाली की पुन्हा गायब होतात. नव्यानं कामाला लागलेल्यांना वाटायचं, हा गाडीवर मंत्रबिंत्र टाकतोय की काय.

त्याचं काम म्हणजे नव्या गाड्या नव्या करणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण कारखान्यातून निघालेली गाडी शोरूमच्या दारात येईपर्यंत तिचे हाल कुत्रा खात नाही. ट्रेलरवर चढवताना ती घासते, मग आवारात महिनोन्‌महिने उन्हात उभी राहते, पक्षी तिच्यावर नको ते करतात, आणि ती इकडची तिकडे लावणारे ड्रायव्हर म्हणजे तर एकेक नमुना. मग गाडी शेडमध्ये येते. फुंकर ती घासायचा, खाचांमध्ये लांबी भरायचा, रंग मारायचा, पॉलिश करायचा, आणि तीच गाडी पुढच्या बाजूला मखमली कापडाखाली जाऊन उभी राहायची. गिऱ्हाईक सहकुटुंब कापड ओढायचं, टाळ्या वाजायच्या, फोटो निघायचा. कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. या धंद्यात यालाच सचोटी म्हणतात.

फुंकरला याचं वाईट वाटायचं म्हणता? नाव नको. उलट त्याची छाती फुगायची. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला त्याचा हात ओळखता आला नव्हता. "कंपनीच्या यंत्रापेक्षा माझं काम साफ असतं," असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. आपण जे इतकं झकास करतो ते नेमकं काय आहे, एवढा एक प्रश्न सोडला तर कामाबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं.

त्याला एक थोरली बहीण होती. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. शाळेतून त्याच्या उद्योगांबद्दल बोलावणं आलं की आईच्या जागी परकराच्या वयातली ही ताई जाऊन उभी राहायची. परत येताना ती ना रागवायची ना मारायची. काय झालं ते विचारायची आणि तो सांगायचा. पुढे त्याचं लग्न झालं, बायकोशीही त्याचं बरं होतं, पण पोटातलं ओठावर यायचं ते ताईसमोरच. जगात तो कुणाशीही थापा मारू शकत होता, तिच्याशी नाही.

ताईनं आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. काचेच्या नळ्या धुण्यात जन्म गेल्यामुळे असेल, पण माणूस भारी चिकित्सक. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचल्याशिवाय पिशवी फोडायचा नाही. तो निवृत्त झाला तेव्हा ताईनं जाहीर केलं, की स्कूटरवर मागे बसून बसून मला कंटाळा आला, आता मी गाडी घेणार आणि मीच चालवणार. केस पांढरे झाल्यावर ती गाडी शिकली. शिकवणाऱ्याला घाम फोडला, पण शिकली. मग शोरूममध्ये येऊन तिनं राखाडी रंग पसंत केला, आत बारीक चांदीची चमक असलेला. आणि भावाला म्हणाली, "गाडी तू बघून द्यायचीस. मला त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. तू आहेस ना तिथे."

फुंकर लगेच मॅनेजरकडे गेला. "साहेब, बहिणीची गाडी आहे. चांगलीतली द्या."

"म्हणजे काय! आपल्या माणसाला वाईट देईन होय?" मॅनेजर म्हणाला. आवारात तशा राखाडी गाड्या दोनच होत्या. एक धडधाकट होती, ती एका डॉक्टरला कबूल झालेली. दुसरीचं डावीकडचं मागचं दार ट्रेलरच्या साखळीनं खरवडलं होतं, आणि ते फुंकरनंच रंगवलं होतं. त्या दिवशी कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलं होतं. ते काढून, नळी वाळवून मग रंग मारायला हवा होता. पण मॅनेजर डोक्यावर उभा होता, गिऱ्हाईक यायचं होतं, तेव्हा त्यानं तसाच मारला. ते गिऱ्हाईक पुढे फिरकलंच नाही आणि गाडी पडून राहिली.

"ती दार केलेली?" फुंकरनं विचारलं.

"का, तुझ्या हातावर तुझाच भरवसा नाही?" मॅनेजर हसला. "दुसऱ्यांना चालतं, मग बहिणीला का नाही?"

हा टोला बरोबर बसला. फुंकर गाडीजवळ गेला, दारावर वाफ सोडून पाहिली, उन्हात नेऊन पाहिली. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पाण्याची आठवण एकदा मनात डोकावली, ती त्यानं झटकून टाकली. आपलं काम फसतं असं म्हणणं त्याच्या जिवावर आलं. नाही म्हणायची ती वेळ होती आणि तो स्वतःवर खूश होऊन गप्प बसला.

गाडी घरी गेली. पुढचे महिने ताईचे पाय जमिनीला लागत नव्हते. ती भाजीला गाडी काढायची, कापड आणायला गाडी काढायची, काही काम नसलं तर भावाच्या दारात येऊन भोंगा वाजवायची. शेजारी भाऊजी, पट्टा लावून, सिग्नलला सूचना देत बसलेले. "यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डावीकडे बसवलंय," असं ती सगळ्यांना सांगायची.

आणि मग एका सकाळी गाडी धुताना भाऊजींच्या बोटांना मागच्या दारावर काहीतरी लागलं. खालच्या कडेला बारीक पुळ्या. चष्मा पुसून पाहिलं, भिंग आणून पाहिलं. इतर तिन्ही दारं गुळगुळीत. उन्हात थोडं लांब उभं राहून पाहिलं, तर त्या एका दाराची चमकही किंचित वेगळी. भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवला. "हे दार नंतर रंगवलंय. आपल्याला फसवलंय."

ताईला पटेना. भावानं निवडून दिलेली गाडी! दोघं भांडतच शोरूममध्ये आली. तिथे नेहमीचं सुरू झालं. गाडी झाडाखाली लावता का, कुठल्या साबणानं धुता, फडकं कसलं वापरता. भाऊजी एकाच वाक्यावर अडून बसले. शेवटी मॅनेजरनं दोन्ही हात पसरले. "ठीक आहे. आमच्यावर विश्वास ठेवू नका. रंगातल्या जाणकारालाच विचारू." आणि त्यानं फुंकरला बोलावलं.

नातं त्याला माहीत होतं, म्हणूनच बोलावलं. ताईचा चेहरा तर उजळलाच. "घ्या! आता माझा भाऊच सांगेल. मग तरी गप्प बसाल ना?"

फुंकर गुडघ्यांवर बसला. सवयीनं वाफ सोडली. पुळ्या पाहताक्षणी त्याला कळलं, हे टाकीतलं पाणी, रंगाखाली अडकलेलं. त्याला वर बघवेना. मॅनेजर मोबाईलवर बोट फिरवत होता, जणू या सगळ्याशी त्याचा संबंधच नाही. खरं बोलावं तर नोकरी आत्ताच्या आत्ता जाणार. पन्नाशी उलटलेला, रंग हुंगून छाती खराब झालेला माणूस कोण घेतंय कामाला? आणि नोकरी गेली तरी एक वेळ चाललं असतं. पण ताई विचारणार, तुला माहीत होतं? त्या प्रश्नाला तो नोकरीपेक्षा जास्त भ्यायला.

"कंपनीचाच रंग आहे," तो म्हणाला. "हवेनं होतं असं कधी कधी."

"ऐकलंत?" ताई नवऱ्यावर उसळली. भरल्या शोरूममध्ये तिनं त्या माणसाला नको नको ते ऐकवलं. संशयी म्हणाली, निवृत्त होऊन डोकं रिकामं झालंय म्हणाली. मग मॅनेजरची माफी मागितली. मॅनेजरनं मोठ्या मनानं ती स्वीकारली आणि वर म्हणाला, "आपलीच माणसं आहात. दार मोफत करून देऊ. तुमच्या भावाच्याच हातून." भाऊजींनी फक्त एकदा मेव्हण्याकडे पाहिलं. तो अजून गुडघ्यांवरच बसला होता.

या वेळी फुंकरनं टाकी कोरडी केली, नळी वाळवली, जुना रंग थेट पत्र्यापर्यंत उतरवला आणि दार जीव ओतून रंगवलं. अख्ख्या नोकरीत त्याच्या हातून इतकं सुंदर काम झालं नव्हतं. करताना त्याला स्वतःची शिसारी येत होती.

गाडी नवीकोरी झाली आणि घराची रया गेली. ताई सगळ्या गोतावळ्यात सांगत सुटली, की आमच्या ह्यांनी माझ्या भावावर आळ घेतला. भिंगवाले साहेब, असं ती त्यांना पाहुण्यांसमोर म्हणायची आणि पाहुणे हसायचे. भाऊजींनी गाडीत बसणं सोडलं. पिशवी घेऊन बसनं जायचे. ताई एकटीच गाडी चालवत भावाच्या दारात यायची, पण भोंगा वाजवायची नाही. आत येऊन बसायची आणि नवऱ्याबद्दल तक्रारी करायची. फुंकरला ते ऐकवेना. एका माणसाचं बरोबर होतं, एवढाच त्याचा गुन्हा होता.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी तो उठला आणि ताईकडे गेला. ती मशीनवर बसली होती, भाऊजी खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. तो उभ्याउभ्याच बोलला. "ताई, दार मीच रंगवलेलं होतं. तुला गाडी देण्याच्या आधी. मला माहीत होतं. भाऊजी खरं बोलत होते."

मशीन थांबलं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. फुंकरला वाटलं, सुटलो. आता ओरडू दे, हाकलू दे.

"यांनी बोलायला लावलं ना तुला?" ती म्हणाली.

"नाही गं. खरंच सांगतोय. साहेब मागे लागले होते, टाकीत पाणी होतं..."

"पुरे. आमच्यातलं भांडण मिटावं म्हणून स्वतःच्या अंगावर घेतोयस. मला कळत नाही होय? लहानपणापासून बघतेय तुला."

"चल, दाखवतो. रंगवताना टेप चिकटवतात, तिची दाराच्या कडेला रेघ असते."

"असणारच. आता तर तूच रंगवलंयस ते, माझ्यासमोर नेलंस."

 जुना रंग फुंकरनंच पत्र्यापर्यंत घासून काढला होता, कणभरही मागे ठेवला नव्हता. त्याचं खोटं तिनं एका वाक्यात मानलं होतं आणि खऱ्यासाठी तो कितीही बोलला असता तरी ती मानणार नव्हती. आता मानलं असतं तर तिला दोन माणसांची तोंडं चुकवावी लागली असती.

ताई नवऱ्याकडे वळली. "बघा काय वेळ आणलीत त्याच्यावर. स्वतःच्या तोंडानं स्वतःला लबाड म्हणवून घेतोय, तुमच्यापायी. माफी मागा त्याची. आत्ता, माझ्यासमोर."

भाऊजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. चष्मा काढून हातात धरला. बायकोकडे पाहिलं, ती रडत होती. मग ते मेव्हण्याकडे वळले आणि शाळेत साहेबांसमोर बोलावं तसं सरळ उभं राहून बोलले.

"चुकलं माझं. रंग कंपनीचाच होता."

"झालं तर मग," ताईनं पदरानं डोळे पुसले आणि ती चहा टाकायला आत गेली.